आठवं दारं

बाईच्या दोन्ही तळपायांना कांदा चोळलेला होता. स्ट्रेचर इमर्जन्सीत आलं तेव्हा आधी तो वास आला आणि मग बाई दिसली. पन्नाशीची, अंगाने काटक, उजव्या बाजूने चिखलाने माखलेली. तोंड डावीकडे ओढलं गेलेलं.

“ऊन लागलंय म्याडम,” सोबतचा माणूस म्हणाला. हा तिचा नवरा, नवनाथ. बाईचं नाव शालन. मोडनिंबजवळच्या वस्तीवरून आले होते.

एप्रिलचा महिना होता. सोलापुरात त्या दिवसांत कोणी नुसतं खाली बसलं तरी लोक ऊन लागलं म्हणतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. त्यामुळे या लोकांनीही रीतीप्रमाणे सगळं केलं होतं. तिला कडुलिंबाच्या सावलीत नेलं, तळपायाला कांदा चोळला, सरबत पाजायचा प्रयत्न केला. ते ओठांतून बाहेर आलं. मग गावातल्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. अर्धी बाटली संपेपर्यंत वाट पाहिली. तिथे कोणीतरी शहाणा भेटला आणि म्हणाला, सोलापूरला न्या.

मी न्यूरोफिजिशियन आहे, म्हणजे मेंदू आणि नसांची डॉक्टर. ऑपरेशन करणारे वेगळे, मी औषधं देणारी. हे उन्हाचं काम नाही हे मला लांबूनच दिसत होतं. ऊन लागलं तर सगळ्या अंगाला लागतं, ते अर्धं अंग निवडत बसत नाही.

“शालनताई, दोन्ही हात वर करा.”

डावा हात वर गेला. उजवा जागेवरच राहिला. म्हणजे मी काय म्हणते ते त्यांना कळत होतं.

“नाव सांगा तुमचं.”

“त... त... त...” एवढंच आलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यात रडण्यापेक्षा संताप जास्त होता. शब्द आत तयार होता, बाहेर पडायची वाट बंद झाली होती.

बहुतेक माणसांचं बोलणं मेंदूच्या डाव्या भागात असतं आणि तोच भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. त्यामुळे उजवा हात आणि वाचा एकदम गेली, की बिघाड डावीकडे आहे हे समजतं. उजव्या भागात झाला तर वेगळीच तऱ्हा. करमाळ्याचे एक गुरुजी माझ्याकडे आले होते, ते व्यवस्थित बोलत होते, पण स्वतःचा लुळा डावा हात दाखवून “ह्यो कुणाचा हात ठेवलाय माझ्या अंगावर?” असं बायकोला विचारत होते. लहान मेंदूत झाला तर हातापायात जोर असतो, पण माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, आणि न पिणाऱ्यावर घरचे उगाच संशय घेतात. मागच्या भागात झाला तर अर्धं दिसेनासं होतं. एकच आजार, पण जिथे होईल तिथली वस्तू मोडतो.

या आजाराला आपण लकवा म्हणतो, अर्धांगवायू म्हणतो, डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते आणि पुढचा भाग रक्तावाचून मरायला लागतो. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटते आणि मेंदूत रक्त साचतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र उलटे आहेत. गुठळीवर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं असतं, आणि तेच इंजेक्शन फुटलेल्या वाहिनीच्या पेशंटला दिलं तर आपणच त्याला मारल्यासारखं आहे. म्हणून आधी सीटी स्कॅन. त्याच्याही आधी बोटातून रक्त घेऊन साखर बघायची, कारण साखर फार खाली गेली तरी माणूस असाच दिसतो. शालनताईंची साखर ठीक होती.

आता प्रश्न वेळेचा होता. हे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर फायदा घटतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि हे तास पेशंट सापडल्यापासून मोजायचे नसतात. पेशंट शेवटचा धडधाकट होता तेव्हापासून मोजायचे असतात.

“दादा, यांना कधी झालं हे?”

“म्हाईत न्हाय.”

“बीपी आहे का?”

“तिला म्हाईत.”

“गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

“ती घेती कायतरी. तिला म्हाईत.”

“अहो, तिला बोलता येत नाही म्हणून तर तुम्हाला विचारतेय!”

मी जरा जोरातच बोलले. माझा आवाज एरवीही मोठा आहे, आणि घाईत असले की विचारू नका. नवनाथ टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्याडम, आमच्यात बोलायचं काम तिचंच हाय. सोयरं आलं तर ती बोलती, बँकेत ती बोलती. मी नुसता संगट आसतो.”

अशी जोडपी आपल्याकडे घरोघर आहेत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मान हलवायची, आणि संसार सुखाचा. अडचण एवढीच झाली होती, की बोलणाराच माणूस स्ट्रेचरवर होता.

शेवटी तुकड्या तुकड्यांनी कळलं ते असं. सकाळी सातला तो डाळिंबं घेऊन मोडनिंबच्या बाजाराला गेला. तेव्हा ती चहा पीत होती, चांगली होती. दुपारी एकच्या सुमाराला तिची जाऊ मंगल भाकरी घेऊन रानात गेली, तर ही पडलेली. मधल्या वेळेत तिला कोणीच पाहिलं नव्हतं.

आमच्या भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते. सातपासून धरायचं तर आठ तास. आमचा आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलमध्ये कायम हजर असलेला डॉक्टर, इंजेक्शनचा खोका घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खोका टेबलावर ठेवला. एमआरआय काढून कधी कधी वेळेचा अंदाज बांधता येतो. पण आमच्या एमआरआय मशीनची गार करणारी यंत्रणा सकाळीच बंद पडली होती. ऊन खरं तर त्याला लागलं होतं. पेशंट दुसरीकडे हलवून एमआरआय करायचा तर असेल नसेल तो वेळ त्यातच गेला असता.

नियमाने विषय संपला होता. रक्त पातळ ठेवणारी गोळी, पुढे फिजिओथेरपी, आणि नशीब. उजवा हात बहुधा कामातून जाणार होता. बोलणं किती परत येईल ते सांगता येत नव्हतं.

“बोलंल का ती?” नवनाथने विचारलं.

“आत्ता सांगता येणार नाही.”

“ती बोलली न्हाय तर आमच्या घरात बोलायचं कुणी, म्याडम?”

फार वाईट वाटलं. असं झालं की मी काहीतरी कामाचं बघते, तशी मी शालनताईंच्या पायांकडे बघितलं. नडगीपर्यंत चिखल होता. सोलापूर जिल्ह्यात एप्रिलच्या दुपारी चिखल?

“हा चिखल कुठला?”

“मक्याला पानी धरलं हुतं तिनं. गुरांचा मका हाय.”

मी एकदम सावध झाले. “मग मोटर चालू करायला ती गेली असेल ना? मोटर कधी चालू केली?”

“मोटर आटोवर हाय. लाईट आली की आपसूक चालू हुती.”

हातात आलेलं निसटलं. पण तोंडातून पुढचा प्रश्न निघून गेला होता. “मग पडली तेव्हा कितवं दारं चालू होतं?”

नवनाथने पहिल्यांदा मान वर केली.

इथे थोडं सांगायला हवं. माझे वडील नातेपुत्याला शिक्षक होते आणि सुट्टीत आम्हा भावंडांना काकांच्या रानात पाठवलं जायचं. तिथे मी दारं धरलेली आहेत. म्हणजे पिकाला पाणी द्यायचं. रानात सऱ्या, म्हणजे लांब चर असतात. विहिरीचं पाणी पाटाने येतं, आणि पाटाचा मातीचा बांध फोडून चार-सहा सऱ्यांत सोडायचं. ते फोडलेलं तोंड म्हणजे दारं. सऱ्या भरल्या की ते खोऱ्याने बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. त्याला दारं मोडणं म्हणतात. मी त्यात फार हुशार नव्हते, माझं दारं नेहमी फुटायचं आणि काका “तू डाक्टरच हो” म्हणायचे. पण एक गोष्ट तेव्हाच कळली होती. मोटर आपोआप सुरू होईल, दारं आपोआप मोडत नाही. त्याला दोन्ही हात लागतात, खोरं लागतं आणि डोकं ठिकाणावर लागतं. उजवा हात गेलेला माणूस दारं मोडू शकत नाही.

“जावेला फोन लावा,” मी म्हटलं. “व्हिडिओ कॉल. आणि तिला रानात जायला सांगा, पळत.”

आरएमओला म्हटलं, पेशंटला सीटीला ने, बीपी फार वर आहे, ते उतरवायचं औषध सुरू कर, आणि तो खोका कुठेही ठेवू नकोस, हातात धर.

शालनताई आत सीटीच्या टेबलावर होत्या आणि मी बाहेर व्हरांड्यात नवनाथच्या मोबाईलमध्ये मका बघत उभी होते. स्क्रीनला तडा गेलेला. आधी नुसतं आभाळ दिसलं, मग मंगलची चप्पल दिसली, मग हिरवा मका.

“हे बगा म्याडम,” मंगल धापा टाकत म्हणाली. “हितनं वरली सात दारं भिजलेली हायती. आन् ह्या आठव्यात बाई पडल्या हुत्या. खोरं आजून तितंच हाय. पानी सगळं भायेर चाललं हुतं, मी मोटर बंद केली.”

“नववं?” नवनाथ ओरडला. त्याचा आवाज एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. “नवव्याचं तोंड बुजल्यालं हाय का?”

“बुजल्यालं. आत ठनठनीत कोरडं.”

“सातव्याचं?”

“ते बी बुजवल्यालं. चांगलं दाबून बुजवलंय.”

म्हणजे सातवं बंद करून आठवं फोडेपर्यंत शालनताईंचे दोन्ही हात शाबूत होते.

“लाईट कधी आली आज?” मी विचारलं.

“ह्या हप्त्यात रानाच्या लाईटीची दिवसाची पाळी हाय. साडेआठला आली,” मंगल म्हणाली. “माजी बी मोटर तवाच चालू झाली की.”

“काल या मक्याला पाणी दिलं होतं का? एखादं तरी दारं?”

“न्हाय. काल समदं रान वाळल्यालं हुतं.”

“दुसऱ्या कोणी दारं धरलं असेल?”

“कोन धरंल? त्या एकट्याच हुत्या रानात.”

मी नवनाथकडे वळले. “एका दाराला किती वेळ लागतो?”

“अर्धा तास,” तो म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत पुढेही बोलला, “त्याच्यापेक्षा कमी लागायचं न्हाय. हिरीला पानी कमी झालंय, धार बारीक हाय, आन् रान लई पितंय उनाळ्यात. झाला तर जास्तच यळ लागंल.”

जो माणूस आल्यापासून खाली मान घालून तुटक बोलत होता, तो आता थांबत नव्हता. मी मनात हिशेब केला. साडेआठपासून सात दारं, प्रत्येकी अर्धा तास. आठवं फोडलं बाराच्या सुमाराला. तोपर्यंत बाई धडधाकट. मधे लाईट गेली असेल तर वेळ आणखी पुढे सरकते, म्हणजे आमच्याच फायद्याची. चूक झालीच तर ती दारं लवकर भरल्याची होऊ शकत होती. म्हणून मी अर्ध्या तासाच्या जागी पंचवीस मिनिटं धरून पाहिली. तरीही आम्ही साडेचार तासांच्या आत होतो. पण आता जेमतेम.

सीटी आला. रक्तस्राव नव्हता. आणि सकाळी सातच्या आसपास झालेल्या एवढ्या मोठ्या स्ट्रोकचा काळसर डाग दिसायला लागला असता, तोही नव्हता. मका आणि सीटी एकच सांगत होते.

आमचे संचालक तेवढ्यात आले. सर्जन आहेत, सावध माणूस. त्यांनी कानोसा घेतला होता.

“मॅडम, केस पेपरवर काय लिहिणार? पेशंट शेवटचा ठीक असल्याचा पुरावा काय?”

“मका.”

“मी थट्टा करत नाहीये.”

“मीही नाही, सर. सात दारं बुजवलेली आहेत.”

सर मूळचे पुण्याचे. त्यांना दारं समजावून सांगायला माझ्याकडे वेळ नव्हता.

“आणि ब्लीड झालं तर?”

“तर जबाबदारी माझी. तसंही लिहिते.”

ते “बीपी खाली आणल्याशिवाय देऊ नका” एवढं म्हणून बाजूला झाले. ही परवानगीच होती.

नवनाथला मी सरळ भाषेत सांगितलं. इंजेक्शनने गुठळी विरघळली तर हात आणि बोलणं परत येऊ शकतं. पण काही जणांच्या मेंदूत रक्तस्राव होतो, त्यात जीवही जाऊ शकतो. दिलं नाही तर हा धोका नाही, पण आहे ते असंच राहण्याची शक्यता जास्त. ठरवायचं तुम्ही.

“तिला इचारतो,” तो म्हणाला.

तो वाकला आणि तिच्या डाव्या कानाशी म्हणाला, “अगं, म्याडम इंजिक्शान द्यायचं म्हनत्यात. धोका हाय म्हनत्यात. देऊ का?”

शालनताईंनी त्याच्याकडे बघितलं. डाव्या हाताने त्याचा सदरा धरला आणि त्याला जवळ ओढलं.

“द्या म्हनती,” नवनाथ म्हणाला.

“हे कशावरून?”

“तीस वरसं झाली म्याडम. न्हाय म्हनायचं आसतं तर ढकलून दिलं आसतं.”

मी शालनताईंना पुन्हा विचारलं, “देऊ?” त्यांनी मान हलवली, दोनदा, आणि माझ्यावरही डोळे वटारले. एवढं काय विचारत बसलाय, असं.

बीपी खाली आलं तसं इंजेक्शन दिलं. त्यानंतर करण्यासारखं फार काही नसतं. दर थोड्या वेळाने बीपी बघायचं, हात उचलायला सांगायचं, नाव विचारायचं. डोकं दुखू लागलं, उलटी झाली तर समजायचं की रक्त सांडलं. मी खूप घाबरले होते. आयुष्यात अनेकांना हे इंजेक्शन दिलं, पण मक्याच्या भरवशावर पहिल्यांदाच. ओपीडीतले बाकीचे पेशंट मी त्या दिवशी काय तपासले ते देवाला ठाऊक.

संध्याकाळी आरएमओचा फोन आला. “मॅडम, बोटं हलतायत.” मी जिन्याने धावत वर गेले. वजन माझं कमी नाही, पण गेले. उजव्या हाताची बोटं चादर चिमटीत धरत होती. मी विचारलं, “शालनताई, नाव सांगा.”

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या नवनाथकडे बघत होत्या. ओठ हलले, थांबले, परत हलले.

“मो... मोटर.”

“आं?”

“मोटर. बंद... केली?”

“केली, केली,” नवनाथ म्हणाला. “मंगलनं बंद केली. तू गप पड.”

त्यांनी डोळे मिटले. नवनाथ बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. मलाही हुंदका आला. तो लपवायला मी सलाईनवरून नर्सवर ओरडले. सलाईन अगदी व्यवस्थित चालू होतं. तिला सवय आहे, ती नुसती हसली.

कारण दुसऱ्या दिवशी सापडलं. शालनताईंची नाडी एकसारखी लागत नव्हती. ईसीजीत दिसलं की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. त्यामुळे तिथे रक्त तुंबतं, गुठळी होते, आणि एखादी सुटून मेंदूत जाऊन बसते. पाटात ढेकूळ अडकलं की पुढच्या सऱ्या कोरड्या, तसं. त्यात बीपी. गोळ्या होत्या, पण “बरं वाटत हुतं म्हनून सोडल्या” हे त्यांनी स्वतः सांगितलं, एकेक शब्द शोधत. शिवाय मिश्री. ती तंबाखूच असते, दाताला लावली म्हणून देवाघरची होत नाही.

आणि आदल्या आठवड्यात उजव्या हातातून चहाचा कप पडला होता. थोडा वेळ हात बधिर होता, मग आपोआप बरा झाला. ही मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना असते. थोड्या वेळात बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं असतं.

“तुम्ही पाहिलं होतं का कप पडताना?” मी नवनाथला विचारलं.

“पायलं की. मला वाटलं, माज्यावर चिडून आपटला.”

शालनताई आठवड्याने चालत घरी गेल्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी आता कायमची.

पुढच्या तपासणीला दोघं आले. शालनताईंच्या हातात पिशवी, तीही उजव्या. मी विचारलं, कसं आहे? आणि नवनाथ बोलू लागला. गोळ्यांची नावं, कुठली सकाळी, कुठली रात्री, बीपी किती भरलं, मिश्री बंद केली का, हात दुपारी जरा जड होतो का. न विचारता सगळं. त्या दिवसापासून या माणसाने सगळं पाठ करून ठेवलं होतं, पुन्हा कधी “तिला म्हाईत” म्हणायची वेळ येऊ नये म्हणून.

शालनताईंनी थोडा वेळ धीर धरला. मग एक शब्द अडखळला, पण वाक्य पुरं केलं.

“तुमी ग... गप बसा. मी सांगते.”

नवनाथ गप्प बसला. इतक्या समाधानाने गप्प बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हल्ली रानातून पेशंट आला की मी विचारते, लाईट कधी आली होती, दारं कितवं होतं. नवीन डॉक्टर पोरं मागे हसतात. हसू देत. तुम्ही मात्र एवढं करा. कोणाला ऊन लागलंय असं वाटलं तर कांदा चोळायच्या आधी दोन्ही हात वर करायला सांगा. एकच वर गेला, तर कांदा भाजीत घाला आणि गाडी काढा.